मुहूर्ताच्या सौद्याला आबांचं मौन

नियम घेतला तेव्हा आबांच्या डोक्यात सौदा नव्हताच. डोक्यात होती ती सभा. विहार करत आलेल्या जैन मुनी महाराजांचं दुपारचं प्रवचन मंदिरासमोरच्या मांडवात चाललं होतं, विषय होता वाणीचा संयम, आणि पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसलेले कल्लाप्पा मगदूम, म्हणजे आबा, शेजारच्याला हळू आवाजात हरिपूरच्या पेवात, हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यात, हरवलेल्या म्हशीची गोष्ट सांगत होते. आबांचा हळू आवाज म्हणजे दुसऱ्या कुणाचा ओरडा. म्हैस पेवात उतरली आणि महाराज थांबले. हसून म्हणाले, "आबा, तुमची म्हैस वर आली की आम्ही पुढं चालू."

सगळा मांडव हसला. शहात्तर वर्षांच्या माणसानं अशा वेळी हात जोडावेत आणि मान खाली घालावी. पण चारशे माणसांसमोर मान खाली घालायची सवय मगदुमांच्या घरात कुणाला नव्हती, आबांना तर नाहीच नाही. ते उठले, हातात श्रीफळ घेतलं आणि उद्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत मौनाचा नियम द्यावा, असं मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा बेतानं मागितलं. महाराजांनी विचारलं, खुणाही बंद ना? बोटंही बोलतात. आबा म्हणाले, बोटं बांधून ठेवतो. मांडवानं टाळ्या वाजवल्या. आबांनी त्या मान डोलावत घेतल्या.

मांडवाबाहेर चपला घालताना डाव्या पायातली चप्पल अर्ध्यातच राहिली. उद्या मुहूर्ताचा सौदा होता.

नव्या हळदीचा पहिला सौदा. सांगलीच्या पेठेत वर्षातून एकदाच येणारा दिवस, आणि मगदुमांच्या अडत दुकानासमोरचा पहिला ढीग गेली शेहेचाळीस वर्षं आबांनीच पुकारलेला. त्या आवाजाबद्दल पेठेत बरंच काही सांगतात, आणि सांगणारे बहुतेक वेळा आबाच असतात. एकदा त्यांनी यार्डात नुसतं "चलाऽ" म्हटलं तर तिकडं आयर्विन पुलावर एक बैलगाडी जागच्या जागी वळली. बैलांना वाटलं, धनी बोलावतोय. एका वर्षी घसा धरला म्हणून मिरजेच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि आबांना खोकायला सांगितलं. डॉक्टरांना तीन दिवस दोन्ही कानांनी ऐकू आलं नाही. हे सगळं खरं मानायची सक्ती कुणावर नाही. पण आबांनी पुकारलेल्या ढिगाला पेठेतल्या इतर ढिगांपेक्षा दर चढता मिळतो, हे मात्र खरेदीदारसुद्धा मान्य करत, आणि त्यांना तर ते मान्य करणं अजिबात परवडत नसे.

घरी दिवस मावळायच्या आत सगळे जेवायला बसले आणि भाकरी मोडायच्या आधीच भांडण जुंपलं.

आबांचा मुलगा जिनेंद्र म्हणाला, मी पुकारतो. तो हे घसा खाकरून म्हणाला, आणि खाकरण्यानंतरचं वाक्य कुणाला नीट ऐकू आलं नाही. हेच त्याचं नेहमीचं. बावन्न वर्षांत जिनेंद्रचा खाकराच तेवढा सगळ्या घरानं ऐकला होता. सून त्रिशलानं आमटी वाढता वाढता सांगून टाकलं की पुकारायचं तर आपल्या चंदनानं. चंदना चोवीस वर्षांची, पुण्यात शिकलेली, लग्नात, शाळांच्या संमेलनात, पतसंस्थेच्या सभेत माईक हातात घेऊन सूत्रसंचालन करणारी. आबांची नक्कल तर ती अशी करे की मागच्या दारानं आलेला हमाल आबा समजून तिला नमस्कार करून जाई. आबांच्या चेहऱ्यावर लगेच तेज आलं. आपला आवाज आपण मुके असतानाही पेठेत घुमणार, याहून दुसरं काय हवं?

मग जिनेंद्रनं, आता न खाकरता, ते मान्य केलं आणि वर एक शेपूटही जोडलं: चंदना पुढं बोलायला, आणि भरतेश मागं गोडाऊनला. कायमचंच तसं लावून टाकू. पोरगं बोलत नाही, त्याला गिऱ्हाइकापुढं उभं करण्यात अर्थ नाही.

भरतेश, चंदनापेक्षा दोन वर्षांनी मोठा, समोरच बसला होता. त्यानं ताटातली चटणी संपवली. त्याचं बोलणं असंच. विचारलं तर उत्तर यायचं, पण मधे एवढा वेळ जायचा की विचारणारा दुसऱ्या कामाला लागलेला असायचा. पेठेत त्याला घुम्या म्हणत. आबाही म्हणत, लाडानं. माणसाजवळ काही असेल तर ते तोंडातून बाहेर येतंच आणि ज्याच्या तोंडातून काही येत नाही त्याच्या आत काही नसतं, हे आबांचं पक्कं मत होतं. त्याच मापानं त्यांनी शहात्तर वर्षं माणसं मोजली होती.

उजाडलं आणि आबांचं तोंड मिटलं.

पहिला तास त्यांनी कसाबसा काढला. नंतर त्यांच्या लक्षात एक चमत्कार आला. ते बोलत नव्हते म्हणून बाकीचे बोलायला लागले होते. एरवी या घरात आबांचं वाक्य संपायची वाट बघत लोकांची पोरं मोठी व्हायची. आज त्यांच्या खुर्चीसमोरची जागा रिकामी, आणि ज्याच्या त्याच्या मनात साठलेलं तिथं येऊन सांडायला लागलं.

आधी जिनेंद्र आला. बावन्न वर्षांत कधी सांगितलं नाही, पण आपल्याला हळदीचा वास सहन होत नाही, डोकं चढतं, एवढं सांगून तो गेला. आबा आ वासून राहिले. हळदीच्या अडत्याचा मुलगा.

मग चंदना आली. हातात कागद, त्यावर पुकाऱ्याची वाक्यं लिहिलेली. सगळी आबांची. 'सोनं हाय सोनं, डोळ्याला लावून बघा' हे आबांचं, 'वाईच्या देवालाबी हीच लागती' हेही आबांचं. तिनं दोन ओळी म्हणून दाखवल्या. डोळे मिटले तर आबांना आपणच बोलतोय असं वाटलं. त्यांनी खूश होऊन मान हलवली असती, पण नियम आडवा आला. चंदना मात्र खूश नव्हती. कागदाची घडी घालत ती जमिनीवर बसली.

"आबा, तुम्ही आज मधे बोलणार नाही म्हणून सांगते. मी पुण्यात पुण्यासारखी बोलते. आत्याकडं गेले की आत्यासारखी. माईक हातात आला की त्या माईकसारखी. सगळे म्हणतात, चंदना कशी फर्डी बोलती. पण खोलीत एकटी असले ना, की काय बोलू तेच सुचत नाही. तिथं कुणाची नक्कल करणार?"

आबांना यावर एक फार चांगली गोष्ट आठवली. जतच्या बाजारात भेटलेल्या एका बहुरूप्याची. ती जिभेच्या टोकापर्यंत आली आणि दाताला धडकून परत गेली. गोष्ट परत गेल्यामुळं चंदनाचा प्रश्न तसाच समोर बसून राहिला. एरवी आबा प्रश्नावर गोष्ट टाकत आणि प्रश्न खाली दबून मरून जाई. आज तो मरेना.

ती उठून गेली आणि भरतेश आला. पाण्याचा तांब्या ठेवला. उभा राहिला. आबांनी मनात शंभरपर्यंत मोजलं, तरी उभाच. शेवटी म्हणाला,

"आबा, ढीग मला पुकारायचाय."

आणि आबा हसले.

हसायला नियमाची आडकाठी नव्हती. हसू पोटातून आलं, खांदे हलले, डोळ्यांत पाणी आलं. मुक्या माणसाचं हसू बोलणाऱ्याच्या हसण्यापेक्षा मोठं दिसतं, कारण त्याच्या मागून 'अरे बाळा, तसं नाही' असं सारवासारवीचं वाक्य येऊ शकत नाही. ते हसू तसंच खोलीत राहिलं. भरतेशनं तांब्यावर फुलपात्र पालथं घातलं आणि तो गेला.

स्वयंपाकघराच्या दारात त्रिशला उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. सत्तावीस वर्षांत सासऱ्यांसमोर आवाज न चढवलेली ही सून सरळ खुर्चीपुढं आली आणि पदर खोचून म्हणाली, "मामा, पोरानं जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं, आणि तुमी हसलात. बरं झालं आज तुमाला बोलता येत न्हाई. न्हाईतर त्याच्या तोंडावर आणखी एक गोष्ट फेकून मारली असती." मग तिनं फडताळातली हळदकुंकवाची पाकिटं उचलली आणि दुकानात वजनकाट्याच्या पूजेची तयारी करायला निघून गेली. काल संध्याकाळी चंदनाच्या बाजूची होती, सकाळी नऊला मुलाच्या बाजूची झाली. आबांच्या बाजूला खुर्चीशिवाय कुणी उरलं नाही.

पेठेत गर्दी जमली होती, आणि आबांची खुर्ची दुकानासमोर मांडली होती. दुकानाच्या दाराला आंब्याची पानं, काट्याला हार, हमालांच्या डोक्याला नवे टॉवेल. मुहूर्ताचा ढीग या वर्षी नाथाजी सुभेदारांचा होता. सुभेदार कोरेगाव तालुक्यातले, फौजेतून निवृत्त झालेले, ऊस आणि हळद करणारे. त्यांच्या आजोबांपासून सातारच्या बाजूची हळद इथं मगदुमांच्या दारात उतरत होती. पंधरा दिवसांपूर्वी आबांनी त्यांना फोनवर शब्द दिला होता: मुहूर्ताचा मान तुमचा, आणि दर पेठेत पहिला. आता पोती फोडली गेली, हळद जमिनीवर ओतली गेली आणि आबा वाकून बघायला लागले.

हळद मळकट होती. राजापुरी जातीची, जाड, सरळ हळकुंड, पण चकाकी नाही. सुभेदारांनी जिनेंद्रला सांगितलं की पॉलिशचं यंत्र मुद्दाम थोडंच फिरवलं. फार फिरवलं की वरची साल जाते आणि तिच्याबरोबर मालही जातो. जवानाची परेड चांगली असावी, पण बूट चमकवून लढाई होत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, पण खरेदीदाराचे डोळे म्हणणं ऐकत नाहीत. शेजारच्या दुकानासमोरचा ढीग सोन्यासारखा झगमगत होता आणि आपला शेणानं सारवल्यासारखा दिसत होता. हा ढीग पडेल भावात गेला तर सुभेदार पुढच्या वर्षी शेजारच्या दुकानात पोती उतरवणार आणि त्यांच्यामागं अर्धा तालुका जाणार, हे पेठेतल्या चहावाल्यालाही कळत होतं.

खरेदीदारांत सगळ्यांत पुढं लालासाहेब. जाड, हसरे, हातात पानाचा डबा, आणि पेठेतला सगळ्यांत चलाख माणूस. त्यांनी ढिगाकडं एक नजर टाकली आणि आबांकडं बघून म्हणाले, "आबा, आज दोघंबी गप्प. तुमीबी आणि हळदबी."

लोक हसले. आबांच्या तोंडात याला द्यायला सात उत्तरं तयार होती. सातही गिळली. पोटात गेल्यावर ती एकमेकांशी भांडत बसली.

चंदना पुढं आली. ढिगाच्या कडेच्या चौरंगावर उभी राहिली, डाव्या हातानं कान धरला, उजवा हात वर केला, अगदी आबांसारखा, आणि आरोळी दिली. "चलाऽऽ, या रं या, सातारचं सोनं सांगलीला आलंय." पेठ दणाणली. हमालांनी शिट्ट्या मारल्या. लांबच्या दुकानांतले लोकही धावत आले. ती बोलत होती आणि आबा आपल्या खुर्चीत हळूहळू फुगत होते. काय आवाज, काय थाट. बोली सुरू झाली, एक चढली, दुसरी चढली.

मग बोली थांबली.

लोक बोली लावत नव्हते, लोक तमाशा बघत होते. ती पुढचं वाक्य कधी म्हणते आणि आबांसारखी मिशी कधी पिळते याची वाट बघत उभे होते. दर तिथंच अडकला, आणि तोही पेठेतल्या हलक्या मालाच्या दरापाशी. चंदनानं कागदावरचं उरलेलं सगळं म्हणून टाकलं. 'वाईच्या देवालाबी' झालं. 'डोळ्याला लावून बघा' झालं. कागद संपला.

लालासाहेबांनी पान चघळत, गोड आवाजात म्हटलं, "पोरी, आबाचं झालं बोलून. आता तुझं बोल. ही हळद कशी हाय?"

चंदनानं तोंड उघडलं. आबांना दिसलं की आत काही नाही. म्हणजे आत खूप होतं, पण ते सगळं आबांचं होतं आणि ते सगळं वापरून झालं होतं. तिनं ढिगाकडं बघितलं, लोकांकडं बघितलं, आणि शेवटी आबांकडं. आता मात्र आबांना राहवेना.

पूर्वी याच पेठेत सौदे हत्त्यानं होत. म्हणजे दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि खाली बोटं दाबून दर ठरवायचा. बघणाऱ्याला काही कळायचं नाही. पुढं सरकारनं ते बंद केलं आणि उघडी बोली आली, पण आबांनी खेळ म्हणून दोन्ही नातवंडांना ती बोटं शिकवली होती. चढव, थांब, सोड, धरून ठेव. आबा उठले, चौरंगाशी गेले, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि जणू घाम पुसायला म्हणून आपल्या हातावर टाकला. महाराजांना काय दिसणार? महाराज विहार करत आता कुठं पोचले असतील. आणि टॉवेलाखालचं बोलणं हे बोलणं थोडंच?

पण तेवढ्यात चौरंगावरून चंदना उतरली होती. टॉवेलाखाली आलेला हात भरतेशचा होता.

आबांनी त्याच्या बोटांना जोरात दाबलं: थांब. परत दाबलं: मागं हो. भरतेश नेहमीसारखा उभा होता, उत्तराला उशीर. मग त्यानं आबांचा हात टॉवेलासकट उचलला, टॉवेलची चौकोनी घडी केली, आबांच्या खांद्यावर परत ठेवली आणि त्यांच्या कानाशी म्हणाला, "आबा, नियम. बोटंबी बोलतात."

हे त्यानं इतक्या मायेनं म्हटलं की आबांना ते थोबाडीत मारल्यासारखं बसलं. पोरानं नियमही वाचवला आणि चौरंगही घेतला. आबा खुर्चीकडं परत गेले. त्यांचे पाय आज त्यांचं ऐकत होते, तोंड ऐकत होतं, फक्त नातू ऐकत नव्हता.

भरतेश चौरंगावर चढला नाही. ढिगात गुडघ्यावर बसला. दोन्ही हात घालून तळातून एक हळकुंड काढलं, मधलं, ना फार जाड ना फार बारीक. उभा राहिला आणि म्हणाला, "जरा गप्प बसा."

पेठेच्या इतिहासात हे वाक्य कुणी उच्चारलेलं नव्हतं. सौद्याच्या वेळी पेठेला गप्प बसायला सांगणं म्हणजे कृष्णेला पुरात थांब म्हणणं. आधी लोक हसले. भरतेश थांबून राहिला. त्याला घाई नव्हती. वाट बघायला लावण्यात त्याचा हातखंडा होता, सव्वीस वर्षांचा सराव. हळूहळू पुढची रांग गप्प झाली, मग मागची. हमालांनी पाठीवरची पोती तशीच धरून ठेवली. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं. पत्र्यावरच्या कबुतरांनीही, असं म्हणतात, घुमणं थांबवून माना वाकड्या केल्या.

भरतेशनं हळकुंड मोडलं.

खण्ण.

पितळेच्या ताटावर रुपया पडावा तसा आवाज. ओल राहिलेली हळद मोडते ती काडीसारखी, मुकाट. पुरती वाळलेली, नीट शिजलेली हळद मोडली की वाजते. एवढं प्रत्येक खरेदीदाराला माहीत होतं, पण गोंगाटात तो आवाज वर्षानुवर्षं कुणी ऐकला नव्हता. सगळे रंगावरच खरेदी करायचे. भरतेशनं दोन्ही तुकडे लोकांकडं फिरवले. आतला रंग पिकलेल्या शेंदरी आंब्यासारखा.

"वरनं मळकी हाय," तो म्हणाला. "आतनं अशी हाय." थोडा वेळ गेला. "साल घासून वजन घालवलं न्हाई. ज्याला दळायचीय त्यानं घ्यावी. दाखवायला नका घेऊ."

इतकंच. आबा कानात प्राण आणून पुढच्या वाक्याची वाट बघत होते, सोनं कधी येतंय, देव कधी येतोय. काहीच आलं नाही. पण मागच्या रांगेतला मसाल्याच्या कारखान्याचा एक माणूस, जो आजवर मगदुमांच्या दारात नुसता चहा पिऊन जाई, तो पुढं घुसला, तुकडा हातात घेतला, दातानं टोकरला आणि दर बोलला. आकडा विचारू नये. तो ऐकून शेजारच्या दुकानातला पुकारणारा मधेच थांबला एवढं पुरे. दुसऱ्यानं त्यावर चढवलं. तिसऱ्यानं. लालासाहेबांनी पानाचा डबा खिशात टाकला, म्हणजे आता ते खेळायला उतरले. भरतेश प्रत्येक बोलीनंतर ती एकदाच, शांतपणे परत म्हणे आणि थांबे. ते थांबणं लोकांना सहन होत नव्हतं. रिकामी जागा दिसली की माणूस काहीतरी टाकतो. इथं ते दर टाकत होते. लोक टाचा उंचावून बघू लागले, हमाल पोत्यांवर चढले, सुभेदार फौजेतल्यासारखे ताठ उभे राहिले आणि त्यांच्या मिशा थरथरत होत्या. जिनेंद्रनं दोन वेळा खाकरून काही म्हणायचा प्रयत्न केला आणि मग नुसताच टाळ्या वाजवायला लागला.

लालासाहेबांनी एक दणदणीत बोली लावली. सगळे गप्प. भरतेशही गप्प, नेहमीप्रमाणे, लांबवर बघत. आणि लालासाहेबांनी तीच फट पकडली. ते झटकन पुढं झाले आणि तळवा ढिगावर ठेवला. पेठेत ढिगावर तळवा म्हणजे सौदा पक्का, माल आपला. पुकारणाराच गप्प झाला की दुसरं काय समजायचं, असं म्हणत त्यांनी हमालांना पोती आणायला सांगितलंसुद्धा.

भरतेशच्या तोंडातून शब्द निघायला वेळ लागणार होता. आबांच्या तोंडातून निघणं शक्य नव्हतं. हमालानं पोतं झटकलं.

"लालासाहेब, हात काढा."

आवाज ओळखीचा नव्हता. आबांनी मान वळवून बघितलं, कोण बाई आली ही. चंदना होती. कान धरलेला नव्हता, हात वर नव्हता, पुण्याचा सूर नव्हता, आत्याचा नव्हता, माईकचा नव्हता आणि आबांचा तर अजिबात नव्हता. जरा घोगरा, जरा खालच्या पट्टीतला, रागानं कापणारा आवाज. तो या घरात चोवीस वर्षं राहत होता आणि आबांनी कधी ऐकला नव्हता.

"दादा गप्प हाय. सौदा संपलेला न्हाई. त्यानं 'दिली' म्हटलंय का? तो गप्प असतो तवा विचार करत असतो. तुमी बोलत असता तवा काय करता, ते सगळ्या पेठेला ठाऊक हाय."

पेठ इतकी हसली की पत्र्यावरची कबुतरं उडून थेट गणपती मंदिराकडं गेली. लालासाहेबांनी तळवा उचलला. बाजारात हसं झालं तर माणसानं दोन पावलं मागं जावं किंवा चार पावलं पुढं. लालासाहेब चार पावलं पुढं जाणाऱ्यांतले. तेवढ्यात मसाल्याच्या माणसानं त्यांच्या बोलीवर चढवली, तर त्यांनी तिच्यावर आपली चढवली, वर आणखी चढवली, आणि घाम पुसत भरतेशकडं बघत राहिले. आता सगळी पेठच त्याच्याकडं बघत होती. त्यानं मसाल्याच्या माणसाकडं बघितलं. त्या माणसानं मान हलवली, नाही. भरतेशनं सुभेदारांकडं बघितलं. सुभेदारांनी डोळे मिटून उघडले.

"दिली," भरतेश म्हणाला.

टोप्या उडाल्या. कुणीतरी गुलाल उधळला, तो हळदीवर पडू नये म्हणून हमाल धावले. त्रिशला काट्यापाशी उभी होती, तिनं आधी मुलाला ओवाळलं, मग मुलीला, मग जिनेंद्रलाही, आणि आबांसमोर आल्यावर क्षणभर थांबून त्यांच्याही कपाळाला हळद लावली, जरा जोरातच. लालासाहेब चंदनाला म्हणाले की पोरी, तू आमच्या दुकानात ये, तुझ्या जिभेला आम्ही वेगळं गोडाऊन बांधतो. ती म्हणाली, आधी तुमच्या हाताला बांधा.

आबा खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. दर पेठेत पहिला आला होता, शब्द राहिला होता, आणि त्यात त्यांचा एक शब्दही नव्हता. त्यांना राग आला होता, हसू येत होतं, आणि पोरीचा तो घोगरा आवाज परत ऐकायची इतकी घाई झाली होती की खुर्चीचे हात त्यांनी घट्ट धरून ठेवले होते.

सुभेदार पुढं आले. आबांना वाकून नमस्कार केला आणि मग सरळ उभे राहून, हजेरी घेतल्यासारखं विचारलं की गावाकडं आणखी साठ-सत्तर पोती तयार आहेत, भावकीतल्यांचीही आहेत, तर पुढच्या खेपेला फोन कुणाला करायचा?

ही विचारायची गोष्टच नव्हती. आजवर मगदुमांकडं सौद्याचा फोन एकच होता, आणि तो आबांच्या बंडीच्या खिशात होता. सगळ्यांनी आबांकडं बघितलं. जिनेंद्रनं बघितलं, त्रिशलानं बघितलं, लालासाहेबांनीही बघितलं. एक बोट हललं असतं तरी प्रश्न मिटला असता. आबांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि पुढं बघत राहिले.

सुभेदार खिशातला फोन काढून उभेच होते.

"ह्याला करा," चंदना म्हणाली, त्याच नव्या आवाजात, आता त्यात राग नव्हता. "पण हा उचलत न्हाई. म्हणून आधी मला करा. मी ह्याला उचलायला लावीन. दर मी सांगणार न्हाई, तो सांगंल. आणि कुणी फसवायला लागला तर फोन परत माझ्याकडं."

सुभेदारांनी भरतेशकडं बघितलं. भरतेश आपल्या हातातल्या हळकुंडाच्या अर्ध्या तुकड्याकडं बघत होता. मग त्यानं मान वर केली.

"मी उचलीन," तो म्हणाला. आणि या वेळी उत्तर लगेच आलं.